राउटरवर लॅपटॉपला पहिला नंबर दिला, तरी साडेपाचच्या क्लासला नेट अडकतंय

गणितवाली, उदगीर

नमस्कार. मी उदगीरला राहते. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात दहावीच्या पोरांना ऑनलाइन गणित शिकवते. देवणी, जळकोट, अहमदपूरकडच्या खेड्यांतली बावीस पोरं आहेत, रोज एसटीनं उदगीरला येणं त्यांना जमत नाही. नेटवर्किंगमधलं मला काही येत नाही, पण आकडे कळतात. म्हणून जमेल तितकं आकड्यांतच सांगते.

खाली आमचं किराणा दुकान, वर घर. गावातल्या केबलवाल्याचं फायबर घेतलंय, कागदावर ५० एमबीपीएस. त्याचा पांढरा डबा दुकानात गल्ल्याच्या वर खिळ्याला टांगलेला आहे. तिथून एक वायर जिन्यातून वर येते ती माझ्या राउटरला. राउटर मी माझ्या पैशानं घेतलाय, क्लाससाठीच.

दुपारी नेट झकास चालतं. रात्री साडेआठनंतरही चालतं. नेमकं माझ्या क्लासलाच दुखणं येतं. "मॅडम, आवाज फाटायलाय." "मॅडम, तुमी रोबोट झालाव." मागच्या आठवड्यात प्रमाणाचं मूलभूत प्रमेय चालू होतं, मी तोंड उघडं असताना अडकले, आणि एका पोरानं त्याचं स्टिकर केलं. आता गृहपाठ विचारला की ग्रुपवर ते स्टिकर येऊन पडतं.

मी केलेले उद्योग असे. राउटरच्या पानावर जाऊन क्यूओएस नावाचं बटण चालू केलं. त्यानं इंटरनेटचा वेग विचारला, मी दोन्ही रकान्यांत ५० भरले. खाली उपकरणांची यादी आली, तिथं माझ्या लॅपटॉपला सगळ्यात वरचं प्राधान्य दिलं. फरक शून्य. मग मुलानं कुठल्याशा व्हिडिओत बघितलं की डब्ल्यूएमएम नावाचं काहीतरी बंद केलं की नेट पळतं. ते बंद केलं, तर वायफायच मेल्यासारखं झालं.

घरात नेट वापरणारे कोण? सासरे टीव्हीवर यूट्यूबवरचं कीर्तन लावतात. मुलगा अकरावीला आहे, कॉम्प्युटरवर गेम खेळतो. संशय त्याच्यावर आहे, म्हणून रोज साडेपाचला त्याला गेम बंद करायला लावते आणि त्यावरून रोज एक भांडण होतं. आमचे हे दुकानात, त्यांचा नेटशी संबंध फक्त व्हॉट्सअपपुरता.

पहिला नंबर दिल्यावरही लॅपटॉप मागे कसा राहतो, एवढंच मला समजून घ्यायचंय.


सरळमार्गी, बीड

ताई, कशाला एवढी डोकेफोड? ५० चा प्लॅन १०० चा करा. महिन्याला दोन-तीनशे जास्त जातील, विषय संपला.


फायबरवाला, परभणी

ताई, प्लॅन वाढवायची घाई करू नका. मी हेच काम करतो, खांबावर चढून तारा ओढायचं, आणि ही तक्रार दर दोन दिवसांला एक येते. दहातल्या सात घरी वेगाचा प्रश्नच नसतो.

आधी एक समजून घ्या. तुमच्या राउटरनं कुणाला पुढं सोडायचं हे तेव्हाच ठरवता येतं, जेव्हा रांग त्याच्या दारात लागते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हाच्या टँकरवरच्या रांगा तुमच्याकडच्या लोकांना सांगायला नकोत. समजा घरात सासूबाईंनी ठरवलं की आधी धाकटीची घागर भरायची, मग थोरलीची. पण घागरींची रांग घरात नाहीच, ती चौकात टँकरला लागलेली आहे. तिथं सासूबाईंचं कोण ऐकणार?

तुम्ही ५० भरलेत. म्हणजे राउटरला वाटतंय पुढचा रस्ता ५० चा आहे. तो आलेला माल धडाधड पुढं ढकलतो, त्याच्याकडं रांग लागतच नाही, म्हणून तुमचं प्राधान्य कामालाच येत नाही. माल जाऊन साचतो पांढऱ्या डब्यात. तो डबा कुणाला ओळखत नाही, जो आधी आला तो आधी जाणार. तुमच्या आवाजाचं पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, बिचारं इवलंसं, पण त्याच्यापुढं मोठमोठी पोती रचलेली.

उपाय उलटा वाटेल, पण तोच आहे. रकान्यात खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी आकडा भरायचा. मोजून जेवढा येतो त्याच्या ८५ ते ९० टक्के. मग रांग पांढऱ्या डब्यातून निघून तुमच्या राउटरात येते, आणि सासूबाईंचा शब्द चालायला लागतो. खालचा वेग वेगळा मोजायचा आणि वरचा, म्हणजे अपलोडचा, वेगळा. आणि रकान्यापुढं एकक बघून भरा. काही राउटरांत केबीपीएस असतं, तिथं नुसते ८ भरले तर अख्खं घर तुमच्या नावानं ओरडेल. ८००० भरावे लागतात.

पण त्याआधी मला तीन गोष्टी सांगा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी पावणेसहाला एकदा पिंग बघा, म्हणजे एक पाकीट जाऊन त्याचं उत्तर परत यायला किती वेळ लागतो ते. लॅपटॉपवर काळी खिडकी उघडून पिंग, पुढं चार आठ, मधे टिंबं, शेवटी डॅश टी. येणारे मिलिसेकंद लिहून ठेवा. दुसरं, अपलोडचा वेग किती येतो. तुम्ही अख्ख्या पोस्टमध्ये त्याचं नाव घेतलं नाही, आणि शिकवणाऱ्याला लागतो तोच. तिसरं, बॅटरी घेऊन दुकानात जा आणि पांढऱ्या डब्याच्या ढुंगणात किती वायरी खोचल्यात ते मोजून या. तुमची एकच असायला पाहिजे.


गणितवाली, उदगीर

दुसऱ्या दिवशी रात्री लिहायलेय. सांगितलं तसं सगळं केलं.

सकाळी अकराला पिंग ९ ते १४. संध्याकाळी पाच पन्नासला ८५०, ९२०, १०६०, मधे दोनदा उत्तरच नाही. म्हणजे मी "समजलं का?" विचारायचं, ते पोरांपर्यंत सेकंदानं पोचायचं, त्यांचं "हो मॅडम" त्यानंतर यायचं, आणि तोवर मी चिडून तेच परत विचारलेलं असायचं. सहा महिने मला वाटत होतं पोरं लक्ष देत नाहीत.

वेग सकाळी मोजला, घरात दुसरं कुणी वापरत नसताना. खाली ४७, वर फक्त ९. कागदावर ५० लिहिलेलं ते फक्त खालचं होतं, हे मला आज कळलं.

आता वायरी. डब्याला चार तोंडं आहेत. एकात माझी वायर. दुसऱ्यात कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे त्यांचं चित्रण साठवणारा डबा! गेल्या वर्षी दुकानात चार कॅमेरे बसवले, बसवणाऱ्यानं डीव्हीआर थेट तिथंच जोडला. आणि डब्याचं स्वतःचं वायफायही चालू आहे, सासऱ्यांचा टीव्ही त्यावर आहे. म्हणजे मी वर बसून ज्यांना मागं ठेवायलेय ते माझ्या राउटरातून जातच नाहीत.

आणि खरा उलगडा जेवताना झाला. आमचे हे रोज पाचला मोंढ्यात जातात, माल बघायला, थोड्या गप्पा मारायला. दुकानावर नवा पोरगा असतो. त्याच्यावर नजर ठेवायची म्हणून साडेपाचपासून परत येईपर्यंत मोबाईलवर चारही कॅमेरे उघडे ठेवतात. वर ॲपमधे एचडी केलंय, "बिस्किटाचा पुडा कुठला घेतला तेबी दिसायला पाहिजे." मी डीव्हीआरच्या सेटिंगमधे बघितलं, एचडीला एका कॅमेऱ्याचे २ एमबीपीएस.

चार दुणे आठ. माझा लॅपटॉप आणि वही दाखवायचा मोबाईल मिळून दोन. झाले दहा. रस्ता नऊचा. पाचवीतल्या पोरालाही जमलं असतं हे गणित.

मुलाची माफी मागितली. तो "बरं" एवढंच म्हणाला, पण जेवताना दोनदा हसला.

आता डीव्हीआर कुठं हलवू? आणि मोबाईलबद्दल एक सांगायचं राहिलं. स्टीलच्या दोन डब्यांवर लाकडी पट्टी आडवी ठेवून तिच्यावर मोबाईल ठेवते, खाली वही. मोबाईल क्लासमधे वेगळा विद्यार्थी म्हणून जोडलेला असतो. त्यालाही वरचा नंबर दिला होता, सेटिंगमधून त्याचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळखक्रमांक, बघून राउटरमधे हातानं भरला. तो यादीत कायम "ऑफलाइन" दिसतो, मी वापरत असतानाही.


आयटीवाला, नांदेड

मोबाईलचं उत्तर सोपं आहे. अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक पत्ता न देता एक बनावट पत्ता देतात. तुम्ही "फोनबद्दल" मधला खरा पत्ता भरलात, राउटरला दिसतोय दुसराच. वायफायच्या नावावर दाबून धरा, गोपनीयता म्हणून पर्याय येईल, तिथं घरच्या वायफायपुरतं "डिव्हाइसचा मॅक वापरा" करा. किंवा राउटरच्या यादीत आत्ता जो पत्ता दिसतोय त्यालाच प्राधान्य द्या.

आणि डब्ल्यूएमएम आधी चालू करा. त्या व्हिडिओवाल्याला कोपऱ्यात उभं करा. वायफायमधे आवाज, चित्र, साधं आणि सावकाशीचं असे चार वर्ग असतात, ते डब्ल्यूएमएम सांभाळतं. २००९ नंतरच्या एन प्रकारच्या वायफायला ते लागतंच, बंद केलं की वेग ५४ च्या जुन्या पट्टीवर येतो. तुमचं वायफाय मेलं ते त्यामुळं.

लॅपटॉप राउटरशेजारीच असेल तर वायर लावा. शिकवणाऱ्यानं वायफायवर बसणं म्हणजे फळ्यावर ओल्या खडूनं लिहिणं.


जुना लिनक्सवाला, छत्रपती संभाजीनगर

परभणीच्या भाऊंनी टँकरचं छान सांगितलं. मी त्याच्या मागचं थोडं सांगतो, कारण "प्राधान्य" हा शब्दच लोकांना चुकीच्या दिशेला नेतो.

तुमच्या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरला २०१० मध्ये स्वतःच्या घरी हेच दिसलं, फाइल वर चढत असताना घरातलं बाकी सगळं ठप्प व्हायचं. मेमरी स्वस्त झाली म्हणून उपकरण बनवणाऱ्यांनी डब्यांमधे मोठमोठी गोदामं ठेवली, एकही पाकीट वाया जाऊ नये या चांगल्या हेतूनं. पण गोदाम भरलं की शेवटच्या पाकिटाला अख्खं गोदाम रिकामं होईपर्यंत थांबावं लागतं. तुमच्याच आकड्यांत करून बघा. डब्यात १ मेगाबाइट साचलं, म्हणजे ८ मेगाबिट. वर जायचा वेग ९. सेकंदापेक्षा थोडासाच कमी वेळ. तुमचं ८५०-९२० चं पिंग नेमकं तिथंच येतं.

गंमत अशी की पाकिटं टाकून देणं चांगलं असतं, वेळेवर टाकली तर. पाठवणाऱ्याला पाकीट हरवल्याचं कळलं की तो हात आवरता घेतो. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे ती बघतच नाही, पाकीट किती वेळ थांबलं ते बघते. थांबणं ५ मिलिसेकंदांच्या वर गेलं आणि १०० मिलिसेकंद तसंच राहिलं, की टाकायला सुरुवात. पुढं त्यात प्रत्येक प्रवाहाला, म्हणजे एकेका कॉलला किंवा डाउनलोडला, वेगळी रांग देण्याची भर पडली, ती एफक्यू-कोडेल. त्यानंतरचं, केक नावाचं, २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१९ आवृत्तीत आलं. केकला तुम्ही सांगू शकता की आधी घरातल्या उपकरणांत समान वाटणी कर, मग आतल्या प्रवाहांत. कुणाला वर, कुणाला खाली हे ठरवायची फारशी गरजच राहत नाही. डीव्हीआर कितीही हावरट असला तरी त्याला एका ताटाचंच मिळणार.

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरमधे कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी चढवायचं मोफत सॉफ्टवेअर. तुमच्या राउटरचं मॉडेल त्याच्या यादीत असेल तर त्यात एसक्यूएम नावाचं, हीच रांग सांभाळणारं पान मिळतं. मॉडेल आणि आवृत्ती दोन्ही जुळल्याशिवाय हात लावू नका, चुकीची फाइल चढवली की राउटरचा पेपरवेट होतो. माझ्याकडं असे दोन आहेत. नसेल जमत तर आहे त्याच क्यूओएसवर ८५ टक्क्यांचा नियम लावा, निम्म्याहून जास्त काम होईल. फक्त हार्डवेअर एनएटी किंवा तसलं वेग वाढवणारं बटण दिसलं तर बंद करा. त्यात पाकिटं प्रोसेसरला वळसा घालून जातात आणि क्यूओएसला दिसतच नाहीत.

कुणीतरी डीएससीपीचे, म्हणजे पाकिटावरच्या प्राधान्याच्या पाटीचे, आकडे भरायला सांगेलच, आवाजाला ४६ वगैरे. तुमच्या घरापुरतं ठीक आहे. बाहेर पडल्यावर ती पाटी वाचायला कुणी बांधील नाही.

मुलाच्या गेमबद्दलही एक. गेम खेळताना जाणारा डेटा अगदी किरकोळ असतो, एका व्हिडिओ कॉलपेक्षा कितीतरी कमी. त्रास देतं ते गेमचं अपडेट उतरवणं. म्हणजे पोरगं निर्दोष होतं, आणि उलट तुमच्याइतकाच तोही पिंगनं पिडलेला होता.


फायबरवाला, परभणी

ताई, डीव्हीआरसाठी दुसरी वायर टाका. राउटरच्या पिवळ्या तोंडातून जिन्यानं परत खाली, डीव्हीआरपर्यंत. कॅट-सिक्स घ्या, तांब्याची मागा. स्वस्तातल्या वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. विजेच्या वायरीला चिकटून नेऊ नका. पांढऱ्या डब्याचं वायफाय बंद करून टीव्ही वरच्या वायफायला जोडा. मग पांढऱ्या डब्यातून फक्त एक वायर निघाली पाहिजे. एक दार, एक राखणदार.

आणि मालकांच्या मोबाईलवर एचडी काढून साधं करा. चार चौकोन एका मोबाईलच्या पडद्यावर बसवायचे तर एचडी दिसणार कुठं?


सरळमार्गी, बीड

मी माझा सल्ला मागे घेतो. पण १०० च्या प्लॅनमध्ये वरचा वेगही वाढतो की नाही?


फायबरवाला, परभणी

ज्याच्या-त्याच्या केबलवाल्यावर आहे भाऊ. विचारून, लिहून घेऊन मगच पैसे द्या. वरचा ३० झाला तर रांग कमी वेळा लागेल हे खरं. पण ज्या दिवशी कुणी मोठी फाइल चढवायला घेईल त्या दिवशी परत तेच.


गणितवाली, उदगीर

आठ दिवसांनी लिहायलेय, उशीर झाला. मधे वेळामावस्या होती, सगळे शेतात होतो.

वायर टाकली, २० मीटर लागली. डीव्हीआर आता माझ्या राउटरमागं आहे. डब्याचं वायफाय बंद. सासऱ्यांनी "कीर्तन कुठं गेलं" म्हणून अर्धा तास घर डोक्यावर घेतलं, मग टीव्ही नव्या वायफायला जोडून दिला. डब्ल्यूएमएम चालू, मोबाईलचा पत्ता दुरुस्त केला, लॅपटॉपला वायर. राउटरमधे खालचा ४० आणि वरचा ८ भरला, ८००० करून.

ओपनडब्ल्यूआरटीच्या वाटेला गेले नाही. पेपरवेट परवडणार नाही.

मग मुद्दाम परीक्षा घेतली. ह्यांना मोंढ्यातून चारही कॅमेरे एचडीवर उघडायला लावले आणि इकडं पिंग लावलं. २६, ३१, ४४, २९. एकदाच ७० दिसलं. कॅमेऱ्याचं चित्र अडकत चाललंय अशी तक्रार मोंढ्यातून फोनवर आली, ती ऐकून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून एचडी काढलं. आता चार कॅमेरे मिळून दीड-पावणेदोन घेतात आणि नोकर पोरगा दिसायचा तेवढा दिसतो.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगितलीच पाहिजे. प्राधान्याची यादी नव्यानं लावताना माझ्या लॅपटॉपच्याही वर "आजोबांचा मोबाईल" असं एक नाव दिसलं, सगळ्यात वरच्या पायरीवर. सासऱ्यांकडं बटणाचा फोन आहे. पत्ता जुळवून बघितला तर तो मुलाचा कॉम्प्युटर! राउटरचा पासवर्ड त्याला मीच दिला होता, ते डब्ल्यूएमएम बंद करायला. निर्दोष वगैरे म्हणालात, तेवढं मागे घ्या. तरी नियम काढला नाही, फक्त माझ्या खाली आणलाय आणि नाव बदललंय.

शेवटचं विचारते. लाइट गेली की वरचा राउटर इन्व्हर्टरवर चालतो, पण दुकानातला पांढरा डबा बंद पडतो. दुकानात इन्व्हर्टर नाही. एवढ्यासाठी नवीन लाइन ओढावी का?


फायबरवाला, परभणी

नको. डब्याच्या खालच्या स्टिकरवर व्होल्ट आणि अँपियर वाचा, बहुतेक १२ व्होल्ट असेल. त्याच मापाचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, डब्याएवढाच असतो. अँपियर डब्याच्या आकड्याइतका किंवा जास्त घ्या, कमी नको. पिन जाड-बारीक असते, म्हणून दुकानात जाताना जुना अडॅप्टर सोबत न्या. आणि डीव्हीआर त्याच्यावर जोडू नका, मालकांनी कितीही म्हटलं तरी.